बोंबीलला कोणी नेलं

शनिवार, १८ जानेवारी २०२५

ही डायरी सपनाने दिली. लॅबमध्ये औषध कंपनीचा माणूस वाटून गेला होता, तिने तिच्या वाटणीची माझ्या हातात कोंबली. म्हणाली, "राग आला की ह्यात लिही. नाहीतर एक दिवस पेशंटच्या दंडात सुई मोडशील." सपना आणि मी मुलुंडला एकाच लॅबमध्ये रक्त घेतो. माझी सुई आजवर एकदाही मोडलेली नाही. पण ठीक आहे.

तर राग. वहिनीने आज माझ्या बोंबीलला हात लावला.

बोंबील म्हणजे मासा नव्हे. माझ्या गेममधला प्राणी. निळा, लिबलिबीत, लांब, अंगातून वीज सोडणारा. मी अकरा वर्षांची असताना त्याला पकडला आणि नाव ठेवलं बोंबील. वरच्या मजल्यावरचे काशीरामकाका जहाजावर आचारी होते. त्यांनी कुठल्याशा बंदरातून हा हातात धरायचा छोटा गेम आणला, पुढच्या फेरीला टीव्हीला लावायचा मोठा कन्सोल आणि दोघांना जोडणारी वायर. सिद्धेशदादाला आणि मला मिळून दिला होता. दादा महिनाभर खेळला आणि क्रिकेटला गेला. मी अजून खेळते.

छोट्यात प्राणी पकडायचे, लढवायचे, वाढवायचे. वर्षानुवर्षं. मग वायर जोडली की तेच प्राणी टीव्हीवर उभे राहतात, पुरुषभर उंच, गुरगुरत, अंगावरचे खवलेसुद्धा दिसतात. तिथे खरी कुस्ती. बोंबील, तिरफळ, धोंडू, आणखी तिघं. सहा जणांची टीम.

आज घरी आले तर वहिनी माझ्याच जागेवर मांडी घालून बसलेली. "अगं प्रांजल, दुपारी एकटीच होते ना. दोन लढाया जिंकल्या मी! बोंबील नवीन काहीतरी शिकला बघ."

बघितलं. नवीन शिकताना जुनं एक विसरायला लागतं. तिने विजेचा चाबूक विसरायला लावला आणि चिखलफेक शिकवली. चिखलफेक! चाबूक परत येत नाही.

"कोणी सांगितलं होतं?" मी म्हटलं. जोरात म्हटलं असेन. तिचा चेहरा पडला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झाला गो?" काही नाही झालं. वाट लागली फक्त.

सोमवार, २० जानेवारी

अंधेरीला स्पर्धा आहे! २३ फेब्रुवारी, रविवार, एका हॉलमध्ये. जुने गेम खेळणाऱ्या लोकांनी ठेवलीय. आपापला छोटा गेम घेऊन यायचा, तिथल्या कन्सोलला जोडायचा, मोठ्या पडद्यावर लढत. मी नाव दिलं.

जेवताना सांगितलं. आईने "बरां" म्हणून आमटी वाढली. पण दादाने चक्क विचारपूस केली. "तो ओरिजिनल आहे ना गं? डुप्लिकेट नाही ना? खोका पण आहे का अजून?" मी म्हटलं, खोका आहे, पुस्तिका आहे, सगळं आहे, मी तुझ्यासारखी नाही. तो हसला. "आमचे हर्षद सर वेडे आहेत असल्या जुन्या गोष्टींचे. केबिनमध्ये काचेचं कपाट भरून ठेवलंय. हा म्हणे भारतात कुणाकडे नाही सापडत."

माझा भाऊ इतक्या वर्षांनी माझ्या गेमबद्दल आपणहून बोलला. बरं वाटलं.

वहिनी म्हणाली, "मी येऊ बघायला?" मी म्हटलं, बघू.

रविवार, २६ जानेवारी

सुट्टी, आणि सुट्टीची माती. वहिनीला हळदीकुंकू करायचंय. लग्नानंतरचं पहिलं. त्यासाठी हॉलमधला जुना डबा टीव्ही हलवायचाय, "बायकांना बसायला जागा नको का?" तो टीव्ही हलवला तर कन्सोल चालणार नाही. नवीन टीव्हीला त्याची वायरच बसत नाही. हे मी तिला चार वेळा समजावलं.

मे महिन्यात आली ही आमच्याकडे. त्याआधी सांताक्रूझला चष्म्याच्या दुकानात होती. दादा म्हणाला, नाहूरहून रोज कशाला धावतेस, सोडून दे. सोडली. आता दिवसभर घरात, म्हणून सगळ्यांच्या वस्तूंत नाक. आई देवळात जाते, मी लॅबमध्ये, दादा अंधेरीच्या ऑफिसात. हिला काम काय?

संध्याकाळी जवळ येऊन बसली. "मला नीट शिकव ना. म्हणजे पुन्हा चुकणार नाही."

"वीस वर्षं लागतात," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मग आजपासून सुरू केलं तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी येईल मला." आणि हसली. मला हसू आलं होतं. दाबलं.

रविवार, २ फेब्रुवारी

नाही. कुठेच नाही. खोका नाही, छोटा गेम नाही, पुस्तिका नाही. कन्सोल जागेवर, वायर जागेवर. वायरचं एक टोक नुसतं लोंबतंय.

कपाट उघडलं तर सगळं बदललेलं. माझ्या खालच्या खणात स्टीलच्या वाट्या. हळदीकुंकवाचं वाण! पन्नास वाट्या, माझ्या खणात.

"कपाट कोणी आवरलं?"

"मी," वहिनी म्हणाली. "गुरुवारी. पण तुझा खोका मी..." आणि ती दादाकडे बघायला लागली.

दादा पेपर वाचत होता. म्हणाला, "श्रुतिका, अगं भंगारवाल्याला रद्दी दिलीस ना शुक्रवारी? त्यात गेला नाही ना?"

भंगारवाला!

मी खाली धावले. भांडुपच्या बाजूला त्याचं दुकान आहे तिथपर्यंत गेले. त्याने सगळी पोती उलटी केली बिचाऱ्याने. वर्तमानपत्रं, तेलाचे डबे, एक मोडका पंखा. माझं काही नाही.

घरी येऊन विचारलं. सरळ विचारलं. "तू टाकलास का?"

"मी नाही टाकला."

"मग कुठे गेला?"

तिने पुन्हा दादाकडे बघितलं. मग म्हणाली, "दादाला विचार तुझ्या."

स्वतः करायचं आणि नवऱ्यावर ढकलायचं! दादाने हात वर केले. "मला काय कळतंय त्यातलं, प्रांजू? मी कधी हात लावतो का?" खरंच आहे. पहिला महिना सोडला तर त्याने सतरा वर्षांत हात लावला नाही.

मी रडले नाही. ताट भिरकावलं. आईने उचललं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रथसप्तमी. हळदीकुंकू झालं. टीव्ही हलवलाच शेवटी. मी म्हटलं हलवा, आता काय करायचाय ठेवून.

बायका आल्या, बिल्डिंगमधल्या सगळ्या. वहिनी हिरवी साडी नेसून वाट्या वाटत होती, सगळ्या कौतुक करत होत्या, सून किती गुणाची. तिसऱ्या मजल्यावरच्या शकुमावशी पर्स कोचावर ठेवून कुंकू लावून घ्यायला उठल्या. मी म्हटलं, "मावशी, पर्स सोबत ठेवा. आमच्या वहिनीच्या हाताखालून वस्तू गायब होतात."

शकुमावशी खोटं खोटं हसल्या. वहिनीच्या हातात अत्तरदाणी होती, ती तिने खाली ठेवली, पुन्हा उचलली. पुढच्या बाईला अत्तर लावलं.

मला वाटलं होतं की बरं वाटेल. नाही वाटलं. पण चूक बोलले असंही वाटत नाही. माझी सतरा वर्षं कचऱ्यात गेली आणि हिची एक संध्याकाळ.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दादाचं प्रमोशन झालं. काजूकतली आणली. हर्षद सरांनी बोलावून सांगितलं म्हणे, "सिद्धेश, तू माणसाच्या मनातलं ओळखतोस." आईने देवापुढे साखर ठेवली. मीही एक तुकडा खाल्ला, भावाचं चांगलं झालं तर आनंद नको का व्हायला?

वहिनीने खाल्ली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. नवऱ्याचं बरं झालं तरी हिचं तोंड वाकडं.

मग त्यांच्या खोलीतून आवाज आले. ती म्हणत होती, "सांग तिला. आजच सांग." दादा म्हणाला, "तुला ह्या घरात शांतता नकोय का? गप्प बस जरा."

मला कळलं काय ते. मला हॉलमधून हलवायचंय. किंवा कन्सोलपण फेकायचाय. दादा बिचारा माझी बाजू घेतोय.

रविवार, ९ फेब्रुवारी

वहिनी वाकोल्याला माहेरी गेली. "आईला बरं नाही," असं सांगून. मोठी बॅग घेऊन.

मी हॉलमध्ये बातम्या बघत होते. ती दारात थांबली. "प्रांजल, मी तुझं काही घेतलेलं नाही."

मी आवाज वाढवला. टीव्हीचा.

ती गेल्यावर आई बाहेर आली. "गेली काय?" म्हणाली, आणि वहिनीने चिरून ठेवलेली भाजी फोडणीला टाकली. आई आजकाल माझ्याकडे बघत नाही. मी काय केलंय?

शनिवार, १५ फेब्रुवारी

घर मोकळं. टीव्ही परत जागेवर आणला, कन्सोल लावला. छोटा गेम जोडलेला नसेल तर कन्सोल तुम्हाला भाड्याचे प्राणी देतो. कोणाचेच नसलेले. नाव नाही, सवयी नाहीत. मी तीन लढाया खेळले आणि तिन्ही जिंकले. काही वाटलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं जेवण जेवल्यासारखं.

आज सपनाशीपण भांडले. ब्लड बँकेला नमुने द्यायला निघालो होतो, तिला सगळं पुन्हा सांगत होते. ती म्हणाली, "तुझी वहिनी म्हणाली ना, दादाला विचार. मग तू विचारलंस?"

"विचारलं. तो म्हणाला, त्याला काय कळतंय."

"हे उत्तर झालं का?"

"तुझ्या घरी असेल भाऊ चोर. माझ्या घरी नाही," मी म्हटलं.

सपनाचा भाऊ किरण तीन वर्षं आजारी आईला उचलून आंघोळ घालतो. हे मला माहीत होतं. तोंडातून गेलं. सपना दुसऱ्या रिक्षाने गेली.

एक गोष्ट लिहून ठेवते. दादाने खोका आहे का असं विचारलं होतं. पण विचारू नये का कोणी? मी हे पान फाडणार होते. राहू दे.

रविवार, २३ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहिते.

मी जाणार नव्हते. सपना सकाळी नाहूरला दारात आली. सॉरी वगैरे काही नाही, तिचं आणि माझं तसं नसतंच. "उठ. नाव दिलंयस, निदान बघून ये. मी पण बघते कसला वेडेपणा आहे हा."

अंधेरीचा हॉल लग्नाचा होता, मागच्या भिंतीवर अजून कुणाच्या तरी साखरपुड्याची थर्माकोलची अक्षरं. शंभरेक लोक. बहुतेक पोरं माझ्याच वयाची, टक्कल पडलेली, पोट सुटलेली, हातात लहानपणची खेळणी. स्टेजवर कन्सोल आणि भिंतभर पडदा. मला इतकं आपलं वाटलं ना तिथे. सपनाने वडापाव आणला. आम्ही मागे बसलो.

तिसरी की चौथी लढत सुरू झाली. एका बाजूला दाढीवाला मुलगा, त्याचा आगीचा बैल. दुसऱ्या बाजूला चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट. त्याने पहिला प्राणी उतरवला.

पडद्यावर निळं, लांब, लिबलिबीत काहीतरी वळवळत उभं राहिलं. खाली इंग्रजी अक्षरांत नाव. बी ओ एम बी आय एल.

मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणालाही हे नाव सुचू शकतं. मुंबई आहे. मग त्या माणसाने हल्ला निवडला आणि बोंबीलने चिखल फेकला. चिखलफेक. जगातला कुठलाच शहाणा माणूस ह्या प्राण्याला चिखलफेक शिकवत नाही.

बैलाच्या डोळ्यांत चिखल गेला, त्याचे दोन वार हुकले आणि बोंबीलने त्याला लोळवलं. हॉल ओरडला. पडद्यावर अक्षरं आली, विजेता: पी आर ए एन जे यू. प्रांजू. छोट्या गेममध्ये मी लहानपणी टाकलेलं माझं नाव.

"सपना," मी म्हटलं, "तो माझा आहे."

"कोण, तो माणूस?"

"बोंबील!"

मी कशी पुढे गेले आठवत नाही. खुर्च्या आडव्या आल्या असतील. स्टेजच्या पायरीवर चढले आणि त्या माणसाला विचारलं, "हा तुम्हाला कुठे मिळाला?"

माणूस सभ्य होता, हेच वाईट. हसला. "मस्त आहे ना? ऑफिसमधल्या एका मुलाने वाढदिवसाला दिला. त्याचा लहानपणचा. घरात आता कोणी खेळत नाही म्हणाला."

"त्याचं नाव सिद्धेश परब?"

"तुम्ही ओळखता?"

मग मला कळलं हा हर्षद सर. काचेचं कपाट. गुरुवार. खोका. काजूकतली. सगळं माझ्याच अक्षरात ह्याच डायरीत लिहिलेलं होतं आणि मी वाचलं नव्हतं.

"ते नाव वाचा," मी म्हटलं. "पडद्यावरचं. प्रांजू कोण आहे?"

"मला वाटलं त्याचं लाडाचं नाव..."

"प्रांजू मी आहे. घरात खेळणारी मी आहे. त्याने चोरून दिलाय तुम्हाला."

मागून कोणीतरी ओरडलं, मॅडम बाजूला व्हा, सेमीफायनल आहे. हर्षद सर लाल झाले होते. हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, आपण नंतर बोलू. एवढी सेमीफायनल होऊ दे माझी."

"तुमची?" मी म्हटलं, आणि वायर उपटली.

पडदा एकदम रिकामा. हॉलमध्ये बोंब झाली. आयोजकांतला एक मुलगा धावत आला, हर्षद सरांनी त्याला हाताने थांबवलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून छोटा गेम पुसला, आणि माझ्या हातात दिला. "खोका उद्या पाठवतो," म्हणाले. "मला खरंच माहीत नव्हतं." त्यांच्यावर मी ओरडू शकले असते. ओरडायला काही उरलं नव्हतं.

रिक्षात बसून उघडून बघितलं. बोंबील आहे. तिरफळ आहे. धोंडू नाही. त्याच्या जागी हर्षद सरांचा कुठलातरी चकचकीत पक्षी. जागा करायला धोंडूला सोडून दिला असणार. एकदा सोडलेला परत येत नाही.

सपनाचं घर घाटकोपरला, पण माझ्याबरोबर नाहूरपर्यंत आली. वाटेत एकच वाक्य बोलली. "वहिनीला फोन कर."

केला. उचलला नाही. बरोबर आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काल दादा घरी नव्हता, मित्राकडे राहिला. सरांचा फोन गेला असणार. आज आला आणि मी बोलायच्या आधी तोच सुरू झाला.

"सगळ्यांसमोर! माझ्या बॉसला चोर ठरवलंस! अक्कल आहे का? आज त्यांनी मला केबिनमध्ये उभं केलं. टीम काढून घेतली माझ्याकडून. मिळालं ना तुला परत? झालं समाधान?"

"धोंडू नाही मिळाला."

"कोण धोंडू? अठ्ठावीस वर्षांची घोडी झालीस, धोंडू काय? मी ह्या घराचे हप्ते भरतो, प्रांजू. एक खेळणं दिलं तर काय बिघडलं? तुला नवीन घेऊन देणार होतो."

"मग वहिनीचं नाव का घेतलंस?"

"मी नाव घेतलं नाही. मी फक्त विचारलं, भंगारात गेलं का. तू घेतलंस नाव. शकुमावशींसमोर कोण बोललं? मी?"

बोलले मीच होते. आणि तो हे जाणून होता. म्हणूनच बोलला.

मी आईकडे वळले. म्हटलं, आई, तू बोल आता काहीतरी. आई खुर्चीवर बसली. म्हणाली, "गो चेडवा, खेळणाच ता. भाव थोरलो आसा तुझो."

"त्याने बायकोवर आळ येऊ दिला, आई."

तेव्हा ती म्हणाली, आणि हे मी जसंच्या तसं लिहितेय: "मिया बगलंय तेका न्हेताना. पिशयेत घालून न्हेलो. भावाभयणीत झगडो नको म्हणान गप रवलंय."

दादाला खोका नेताना तिने बघितलं होतं. पहिल्या दिवसापासून. मी भंगारवाल्याची पोती उलटी करत होते तेव्हा. हळदीकुंकवाला मी बोलले तेव्हा आई माझ्यामागे तिळगुळाचा डबा घेऊन उभी होती. तिला माहीत होतं. परक्याची मुलगी गेली तर गेली, आपली दोघं नीट राहिली पाहिजेत.

मी ओरडले. काय ते लिहीत नाही. शेजारच्यांनी दार वाजवलं. दादा खोलीत गेला. आई तशीच बसून राहिली, तिच्या मांडीवर कोथिंबिरीची जुडी होती, ती ती निवडत होती.

कोणावर जास्त रागावू मला कळत नाही. दादावर सोपं आहे.

शनिवार, १ मार्च

वहिनीला फोन तीनदा. मग मेसेज टाकला: मला सगळं कळलं. माझं चुकलं.

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

दादा आणि मी बोलत नाही. आई दोघांना वेगवेगळं वाढते. हर्षद सरांनी खोका पाठवला, ड्रायव्हरबरोबर, आत चिठ्ठीपण होती. वाचली नाही.

सोमवार, १० मार्च

काल वाकोल्याला जाऊन आले.

पाडवा आलाय तोंडावर. बाबा गावीच असतात, त्यांचा फोन आला, नातेवाईक विचारतात, सून कुठे. आईने दादाला बसवून सांगितलं, घेऊन ये तिला. दादा माझ्याकडे आला. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा गोड बोलला. "प्रांजू, तू पण चल. तुझ्यामुळे गेली ना, तू सॉरी म्हण. बाकीचं मी बघतो."

मला सॉरी म्हणायचंच होतं. म्हणून गेले.

वहिनीचं माहेर एका चाळवजा बिल्डिंगमध्ये, दुसरा मजला, घरात शिरायच्या आधी चपलांचा ढीग. डोक्यावरून सारखी विमानं. विमान आलं की सगळे बोलायचे थांबतात आणि गेलं की त्याच शब्दापासून सुरू करतात. तिचे वडील शिवदासकाका विमानतळावर सामान चढवायचे, आता निवृत्त. त्यांनी आम्हाला पंख्याखाली खुर्च्या दिल्या. वहिनी आली. बारीक झालीय. "बस," म्हणाली. कोणाला ते कळलं नाही. मी उभीच होते, मी बसले.

दादाने सुरुवात केली. हसत. "काही नाही हो काका. ह्या दोघींमध्ये जरा गैरसमज झाला होता. एका खेळण्यावरून. बायकांचं असतंच. प्रांजल आलीय सॉरी म्हणायला. मिटलं आता."

मी वहिनीकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. तिला सवय झालीय हे दिसलं. आठ-नऊ महिन्यांत माणसाला इतकी सवय होते?

विमान आलं. सगळे थांबले. मला वाटलं, आता हे विमान गेलं की मी सॉरी म्हणेन, वहिनी मान हलवेल, बॅग भरेल, आणि आम्ही तिला घेऊन जाऊ. आणि तिथे जाऊन ती पुन्हा सगळं ऐकेल.

विमान गेलं.

"गैरसमज नव्हता, काका," मी म्हटलं. "ह्याने माझी वस्तू चोरून साहेबाला दिली. ते लपवायला हिच्यावर येऊ दिलं. माझ्या आईने बघितलं आणि ती गप्प बसली. मी चार बायकांसमोर हिला चोर म्हटलं. हिने एकटीने खरं सांगितलं होतं आणि तिचं कोणी ऐकलं नाही. हे असं झालंय."

दादा उठला. "प्रांजू, तू डोक्यावर पडलीयस का?"

शिवदासकाकांनी दादाकडे बघितलं. ते काही बोलतील असं वाटलं, पण बोलली वहिनी. आवाज अगदी साधा.

"गुरुवारी मला म्हणाला, स्क्रीन दुरुस्त करून आणतो, स्पर्धेच्या आधी प्रांजूला सरप्राइज देऊ. मी खूश झाले. मीच खोका काढून दिला ह्याच्या हातात. दोन दिवसांनी कळलं कुठे दिला ते. मी म्हटलं सांग, तर म्हणाला, सांगितलंस तर बघ." मग ती दादाला म्हणाली, "सिद्धेश, तू जा आता."

"श्रुतिका, घरी चल, आपण बोलू."

"मी कामाला लागलेय. जुन्या दुकानात. मला इथून जवळ पडतं."

"म्हणजे? किती दिवस?"

"मला माहीत नाही. तू जा."

दादाने माझ्याकडे बघितलं. "चल."

वहिनी म्हणाली, "ती चहा पिऊन येईल."

दादा गेला. चपलांच्या ढिगात त्याची एक सापडेना, तो शोधत राहिला, आम्ही सगळे ऐकत होतो. मग जिना उतरल्याचा आवाज.

चहा आला. मी म्हटलं, "वहिनी, मी..."

"नको," ती म्हणाली. "सॉरी म्हणू नकोस. म्हटलंस की मला ठीक आहे म्हणायला लागेल. ठीक नाहीये. ते शकुमावशींचं तोंड मला अजून दिसतं."

"हो."

"मी तुझ्यावर रागावलेय. त्याच्यापेक्षा जास्त, कधी कधी. तो तसाच आहे. तू तशी नव्हतीस."

"हो."

"बरेच दिवस रागावणार आहे."

"रागाव," मी म्हटलं.

आम्ही चहा प्यायलो. तिच्या आईने खारी आणून ठेवली. आणखी एक विमान गेलं. वहिनीने तीन वर्षांच्या एका पोराला चष्मा बसवायची गोष्ट सांगितली, तो चष्मा लावून पहिल्यांदा स्वतःच्या आईला बघून घाबरला म्हणे. मी हसले. ती हसली नाही, पण गोष्ट पुरी सांगितली.

खालून दादाचे चार मिस्ड कॉल येऊन गेले होते. उचलले नाहीत.

निघताना दारात म्हटलं, "पुन्हा येऊ का? पुढच्या रविवारी?"

"आज सुट्टी घेतली होती, एरवी रविवारी दुकान असतं," वहिनी म्हणाली. दार लावता लावता थांबली. "सोमवारी ये."